मर्यादित शासनाचा आग्रह धरणारे शेजारी आणि अमेरिकेतील सामाजिक योजना: हा वाद कसा समजून घ्यावा?

प्रश्न: ओहायोकर

मी गेली नऊ वर्षे ओहायोत राहते आणि इथेच नोकरी करते. आमच्या शेजारी ७४ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. काचेच्या कारखान्यात ३५ वर्षे काम करून ते निवृत्त झाले. आम्ही इथे आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी काही न बोलता भल्या पहाटे आमच्या दारापुढचा बर्फ फावड्याने काढून दिला होता, आणि माझ्या मुलाला सायकल शिकवली तीही त्यांनीच. सरकारने माणसाच्या आयुष्यात कमीत कमी ढवळाढवळ करावी, कर कमी घ्यावा आणि ज्याचे त्याला करू द्यावे, असे त्यांचे ठाम मत आहे. निवडणूक जवळ आली की त्या मताचा फलक त्यांच्या हिरवळीवर उभा राहतो. याच गृहस्थांना दरमहा सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाचे, पैसे मिळतात, दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यावर झाली, आणि त्यांच्या ९६ वर्षांच्या आई ज्या शुश्रूषागृहात आहेत तिथला खर्च मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतून भागतो.

दर शनिवारी मी एका चर्चच्या तळघरात चालणाऱ्या अन्नवाटप केंद्रात मदत करते, आणि खोकी उचलायला तेही तिथे असतात. मागच्या महिन्यात रात्रपाळी संपवून आलेल्या एका आईने आम्हा दोघांना सांगितले, की फूड स्टॅम्पच्या, म्हणजे गरिबांना अन्नखरेदीसाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या, कार्डावर दुकानातली कच्ची कोंबडी घेता येते, पण तिथेच काचेच्या पेटीत ठेवलेली गरम भाजलेली कोंबडी घेता येत नाही. साबण आणि बाळाचे डायपरही त्या कार्डावर मिळत नाहीत. ती निघून गेल्यावर हे गृहस्थ मला म्हणाले, "बघ, सरकार मदत करायला गेले की ती अशी होते." मला नेमके उलटे वाटले होते. मदत करताना हात आखडता घेतला म्हणून ती अशी झाली, असे माझे मत होते. एकच प्रसंग आम्ही एका टेबलापाशी उभे राहून ऐकला आणि दोन टोकांना पोचलो.

अशा माणसाला ढोंगी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि आपल्या मराठी मंडळींच्या गप्पांत ते सर्रास होते. मला ते पटत नाही, कारण हा माणूस ढोंगी नाही हे मी नऊ वर्षे पाहते आहे. म्हणून जाणकारांना विचारते: मर्यादित शासनाच्या या आग्रहामागे अमेरिकी घटनेतले खरे तत्त्व किती आहे आणि दुसऱ्यासाठी पैसे मोजण्याची नाखुशी किती आहे? आणि इतक्या योजनांचा आधार घेणाऱ्या माणसाला आपण सरकारवर अवलंबून नाही असे मनापासून कसे वाटू शकते?

उत्तर: नोंदवही

तत्त्व खरे आहे आणि जुनेही आहे. १७८७ च्या राज्यघटनेने काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, अधिकारांची यादी करून दिली, आणि त्या यादीत नसलेले अधिकार राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतील, असे १७९१ च्या दहाव्या घटनादुरुस्तीने स्पष्ट केले. मात्र त्याच यादीच्या आरंभी सार्वजनिक कल्याणासाठी कर बसवण्याचा अधिकार आहे, आणि या शब्दांवरून घटनाकारांमध्येच मतभेद झाले. हे शब्द पुढे येणाऱ्या यादीपुरतेच आहेत, असे मॅडिसन यांचे म्हणणे होते. हा स्वतंत्र अधिकार आहे, असे हॅमिल्टन मानत. घटना मंजूर व्हावी म्हणून या दोघांनी खांद्याला खांदा लावून लेख लिहिले होते. तेव्हा 'घटनाकारांना काय अभिप्रेत होते' याचे एकच उत्तर ठणकावून सांगणाऱ्यावर, तो कोणत्याही बाजूचा असो, मी लगेच विश्वास ठेवत नाही.

एकोणिसाव्या शतकात व्यवहारात बहुतेक मॅडिसन यांचाच अर्थ चालला. मनोरुग्णांच्या देखभालीसाठी एक कोटी एकरांहून अधिक सरकारी जमीन राज्यांना द्यावी, यासाठी डोरोथिया डिक्स यांनी वर्षानुवर्षे खटपट केली आणि काँग्रेसने तसे विधेयक मंजूरही केले. १८५४ साली राष्ट्राध्यक्ष पिअर्स यांनी ते परत पाठवले. हेतूबद्दल त्यांना सहानुभूती होती, पण फेडरल, म्हणजे केंद्र, सरकारला देशभरच्या दानधर्माचे वाटपकर्ते बनवणारा अधिकार घटनेत आपल्याला सापडत नाही, असे त्यांनी लिहिले. १८८७ साली दुष्काळाने गांजलेल्या टेक्सासमधील शेतकऱ्यांना बियाण्यासाठी १०,००० डॉलर देण्याचे विधेयक राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी नाकारले. लोक सरकारला पोसतात, पण सरकारने लोकांना पोसू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. रक्कम किरकोळ होती. पायंडा पडू नये, ही त्यांची चिंता होती.

पण त्याच काळात यादवी युद्धातील सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना मिळणारे निवृत्तिवेतन इतके वाढले, की १८९० च्या दशकाच्या आरंभी फेडरल उत्पन्नापैकी सुमारे ४० टक्के रक्कम त्यावर जात होती. त्याला कोणी दानधर्म म्हणत नसे, कारण ते कमावलेले मानले जाई. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सुरू झालेले दिसते. अमेरिकी मनात 'सरकारी मदत' आणि 'माझे हक्काचे' यांच्यामधली रेघ रकमेवरून पडत नाही. ती मिळण्यापूर्वी आपण काय दिले, यावरून पडते.

राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना हे पुरते ठाऊक होते. १४ ऑगस्ट १९३५ रोजी सोशल सिक्युरिटी कायद्यावर त्यांनी सही केली, तेव्हा मंदीने चर्च, परस्पर साहाय्य मंडळे आणि काउंटीची अनाथगृहे व गरीबगृहे यांची ताकद संपली होती. पैसा सर्वसाधारण करातून उचलता आला असता. तो कामगाराच्या पगारातून, त्याच्या नावावर कापायचा, हा निर्णय अर्थशास्त्रीय नसून राजकीय होता, हे पुढे त्यांनी स्वतःच एका सल्लागाराजवळ बोलून दाखवले: पगारातून वर्गणी कापली म्हणजे लोकांना आपल्या निवृत्तिवेतनावर कायदेशीर, नैतिक आणि राजकीय हक्क वाटेल, आणि मग कोणताही राजकारणी ही योजना मोडू शकणार नाही. १९३७ साली सर्वोच्च न्यायालयाने हेल्व्हरिंग विरुद्ध डेव्हिस या खटल्यात ही योजना घटनात्मक ठरवली. न्यायमूर्ती कार्डोझो यांच्या त्या निकालात हॅमिल्टन यांचा अर्थ जिंकला, आणि कायद्याच्या अंगाने हा वाद तेव्हापासून बराचसा मिटलेला आहे.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९३५ च्या त्या कायद्यातून शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायका वगळल्या होत्या, आणि दक्षिणेतील कृष्णवर्णीय कामगारांचा मोठा हिस्सा याच दोन कामांत होता. त्यांना सामावून घ्यायला १९५० आणि १९५४ च्या दुरुस्त्या याव्या लागल्या. 'कमावलेले' कशाला म्हणायचे, हे ठरवणाऱ्यांच्या हातात किती सत्ता असते, हे यावरून कळते.

उत्तर: काटकसर

मी टेक्सासमध्ये लहान व्यावसायिकांचे हिशेब आणि करविवरणपत्रे पाहतो, आणि मर्यादित शासनाच्या बाजूचा आहे. नोंदवही यांनी इतिहास नीट मांडला आहे, पण त्यातून 'हा सारा भावनेचा खेळ आहे' असा अर्थ कोणी काढू नये, म्हणून लिहितो.

'मी भरले, म्हणून मला मिळते' हे अर्धेच खरे आहे, आणि आमची तक्रार नेमकी तिथे आहे. दरमहा मिळणाऱ्या सोशल सिक्युरिटीचा पहिला धनादेश जानेवारी १९४० मध्ये व्हर्मॉन्टच्या आयडा मे फुलर यांना मिळाला. तोवर त्यांच्या पगारातून एकूण २४.७५ डॉलर कापले गेले होते. पहिलाच धनादेश २२.५४ डॉलरचा होता. त्या १०० वर्षे जगल्या आणि त्यांना एकूण २२,८८८.९२ डॉलर मिळाले. यात त्यांचा काहीही दोष नाही. पण हे पैसे कुठेतरी साठवलेले नव्हते; त्या त्या वर्षी काम करणाऱ्यांच्या पगारातून ते येत होते, आणि आजही तसेच येतात. १९६० साली एका लाभार्थ्यामागे पाच कामगार होते. आता तीनही नाहीत. सोशल सिक्युरिटीच्या विश्वस्तांच्या २०२५ च्या अहवालानुसार निवृत्तिवेतनाचा राखीव निधी २०३३ मध्ये संपेल आणि त्यानंतर ठरलेल्या रकमेपैकी सुमारे ७७ टक्केच देता येतील. मेडिकेअरमध्ये डॉक्टरांच्या शुल्काचा जो भाग आहे, त्याच्या खर्चापैकी साधारण चौथा हिस्सा ज्येष्ठांच्या हप्त्यातून येतो आणि बाकीचा बहुतांश सर्वसाधारण तिजोरीतून. २०२४ या आर्थिक वर्षात फेडरल सरकारने कर्जाच्या व्याजापोटी सुमारे ८८० अब्ज डॉलर मोजले, म्हणजे संरक्षणापेक्षा जास्त. ओहायोकर यांचा मुलगा हे फेडणार आहे, आणि त्याला अजून मतदानाचा हक्कही नाही.

दुसरे, नियमांचे. माझ्या एका ग्राहकाच्या दुकानात काम करणाऱ्या बाईंनी पगारवाढ नाकारली, कारण ती घेतली असती तर मुलाच्या पाळणाघराचे अनुदान पूर्ण बंद झाले असते आणि हातात पूर्वीपेक्षा कमी पैसे राहिले असते. त्यांच्यासमोर बसून मी आकडे तीनदा मांडून पाहिले. त्यांचेच बरोबर होते. त्या बाई आळशी नव्हत्या, नियमाने त्यांना तिथे आणून उभे केले होते. तुमच्या त्या गरम कोंबडीचेही तेच आहे. जो देतो तो अटी घालतो, आणि देणारा जितका दूर, तितकी अट अडाणी. म्हणूनच अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ मध्येच सुचवले होते, की शेकडो योजनांऐवजी गरिबाला करव्यवस्थेतूनच रोख पैसे द्यावेत आणि त्याचे काय करायचे ते त्याला ठरवू द्यावे. मर्यादित शासन म्हणजे गरिबाला वाऱ्यावर सोडणे असे मी मानत नाही. गरिबाच्या ताटात काय असावे, हे वॉशिंग्टनने ठरवू नये, एवढेच मी मानतो.

उत्तर: परिचारिका

मी आर्कान्सामध्ये एका छोट्या दवाखान्यात काम करते. काटकसर यांचे शेवटचे वाक्य वाचून मला २०१८ चा उन्हाळा आठवला, कारण ज्या योजनेमुळे आमच्या रुग्णांचे हाल झाले ती सरकार लहान करण्याच्या नावाखालीच आली होती.

आमच्या राज्याने मेडिकेडवरच्या काही प्रौढांना महिन्याला ८० तास काम केल्याचे किंवा तत्सम उपक्रमाचे विवरण देणे त्या जूनपासून सक्तीचे केले. सुरुवातीचे कित्येक महिने हे विवरण फक्त संकेतस्थळावरच भरता येत असे, आणि ते संकेतस्थळ रात्री ९ ते सकाळी ७ बंद असे. आमचा एक रुग्ण लाकडाच्या गिरणीत काम करायचा. तास त्याचे ८० हून कितीतरी जास्त भरत, पण घरी संगणक नव्हता आणि फोनवर अक्षरे एवढी बारीक दिसत, की तो जेवणाच्या सुट्टीत तो फोन घेऊन आमच्याकडे यायचा. मी त्याच्या पासवर्डची चिठ्ठी त्याच्या गोळ्यांच्या डबीच्या झाकणाला आतून चिकटवून दिली होती. दोन महिने आम्ही दोघांनी मिळून विवरण भरले. मग हंगाम वाढला, तो येईनासा झाला, आणि तीन महिने विवरण न गेल्यामुळे वर्ष संपेपर्यंत त्याचे विमासंरक्षण गेले. रक्तदाबाच्या गोळ्या त्याने एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली होती, हे मला नंतर कळले.

असे १८,००० हून अधिक लोक त्या वर्षअखेरीपर्यंत योजनेबाहेर पडले. मार्च २०१९ मध्ये फेडरल न्यायालयाने ती अट थांबवली. पुढे झालेल्या अभ्यासात रोजगार वाढल्याचे दिसले नाही. ज्यांच्यासाठी अट होती त्यातले बहुतेक लोक आधीच काम करत होते किंवा सूट मिळण्यास पात्र होते. आता जुलै २०२५ च्या कायद्याने तशीच ८० तासांची अट देशभर, मेडिकेडच्या विस्तारातून, म्हणजे पात्रतेची उत्पन्नमर्यादा वाढवल्यामुळे, आलेल्या प्रौढांना, २०२७ च्या आरंभापर्यंत लागू व्हायची आहे. काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाने हिशेब केला आहे, की या संपूर्ण कायद्यामुळे २०३४ पर्यंत विम्याविना असणाऱ्यांची संख्या सुमारे एक कोटीने वाढेल.

काटकसर, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिले आहे, म्हणून तितक्याच प्रामाणिकपणे विचारते. तपासणीसाठी माणसे नेमायची, संकेतस्थळ बांधायचे, दर महिन्याला प्रत्येकाच्या तासांचा हिशेब मागायचा, हे लहान सरकार कसे? आणि माणूस योजनेबाहेर गेला म्हणून त्याचे दुखणे थांबत नाही. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनीच १९८६ साली सही केलेल्या कायद्याने, पैसे असोत वा नसोत, तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाला तपासून स्थिर करणे रुग्णालयांना बंधनकारक आहे. दरमहा काही डॉलरच्या गोळ्या नाकारून आपण त्याला मेंदूतल्या रक्तस्रावासह तिथे पाठवतो.

उत्तर: काटकसर

तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे बचाव नाही. ती अट मर्यादित शासनाची नव्हे. ती संशयाची आहे. आमच्या बाजूचे अनेक जण या दोन्हींत गल्लत करतात, आणि टेक्सासमध्ये राहून मी ती रोज पाहतो: इथे मूल नसलेला, अपंग नसलेला प्रौढ कितीही गरीब असला तरी त्याला मेडिकेड नाही, आणि दारिद्र्यरेषेच्या खाली असल्यामुळे विमा बाजारातले अनुदानही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालाने मेडिकेडचा विस्तार राज्यांवर सोपवला, हे तत्त्व म्हणून मला मान्य आहे. पण त्या स्वातंत्र्याचे आमच्या राज्याने काय केले, त्याचे समर्थन मी करणार नाही. कर्जाचा आणि पगारवाढ नाकारणाऱ्या बाईंचा मुद्दा मात्र मी सोडत नाही.

उत्तर: गणिती

पगारवाढीच्या मुद्द्यावर एक भर घालतो, कारण त्यावर उपाय करून पाहिलेला आहे. २०२१ साली मुलांसाठीची करसवलत वाढवून सहा वर्षांखालील मुलामागे वर्षाला ३,६०० आणि मोठ्या मुलामागे ३,००० डॉलर करण्यात आली, आणि जुलै ते डिसेंबर तिचा अर्धा भाग दरमहा थेट खात्यात जमा झाला. त्यात कोंबडी गरम की थंड, हा प्रश्न नव्हता, आणि थोडी पगारवाढ झाली म्हणून ती रक्कम एकदम तुटतही नव्हती. सरकारी मदतही उत्पन्नात धरणाऱ्या जनगणना विभागाच्या पूरक मापनानुसार बालदारिद्र्य त्या वर्षी ५.२ टक्क्यांवर आले. सवलत संपली आणि २०२२ मध्ये ते १२.४ टक्के झाले. काटकसर यांना हवे असलेले कमी नियमांचे सरकार आणि परिचारिका यांना हवी असलेली मदत, दोन्ही सहा महिने एकाच ठिकाणी होती. ती महाग होती, हे खरे, आणि तिला मुदतवाढ देण्याइतकी मते सिनेटमध्ये मिळाली नाहीत.

उत्तर: नोंदवही

जाता जाता आपल्या लोकांसाठी एक. एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्यांच्या पगारातूनही सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के कापले जातात. निवृत्तिवेतनाच्या पात्रतेसाठी ४० श्रेयांक, म्हणजे साधारण दहा वर्षांचे काम लागते, आणि भारत व अमेरिका यांच्यात या बाबतीत करार नसल्यामुळे त्याआधी कायमचे परतणाऱ्याला काहीच मिळत नाही. 'आम्ही कोणाची मदत घेत नाही' असे अभिमानाने सांगणाऱ्या आपल्यातल्या अनेकांनी इथल्या आजी-आजोबांचे निवृत्तिवेतन भरले आहे. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही, पण त्याची नोंद असावी.

प्रश्नकर्ती: ओहायोकर

सर्वांचे मनापासून आभार. हे सारे वाचून मी शेजाऱ्यांशी सरळ बोलले. त्यांना या चर्चेचा सारांश सांगितला, तेव्हा ते आत गेले आणि दोन फायली घेऊन आले.

पहिल्या फायलीत सोशल सिक्युरिटीचे विवरण होते. त्यात वर्षागणिक एक ओळ असते आणि तिच्यापुढे त्या वर्षीची कमाई. पहिली ओळ १९६७ ची होती, पेट्रोल पंपावर केलेल्या उन्हाळी कामाची. त्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी मला पंपाच्या मालकाचा कुत्रा कसा होता तेही सांगितले. मधे एका वर्षापुढे शून्य होते. तेव्हा कारखाना बंद पडला होता.

दुसरी फाइल त्यांच्या आईच्या मेडिकेडची होती. पात्र ठरण्यासाठी आईच्या नावावर २,००० डॉलरपेक्षा जास्त शिल्लक राहता कामा नये, म्हणून काय काय मोडले त्याची यादी त्यात होती. वडिलांची मासेमारीची होडी त्या यादीत होती, आणि आईने नातवंडांसाठी ठेवलेली मुदत ठेवही. शेवटी एक सूचनापत्र होते: वयाच्या ५५ वर्षांनंतर झालेला शुश्रूषागृहाचा खर्च व्यक्तीच्या निधनानंतर तिच्या मालमत्तेतून वसूल करणे १९९३ च्या फेडरल कायद्याने राज्यांना बंधनकारक आहे, आणि त्यामुळे आईच्या घरावर राज्याचा दावा लागू शकतो. ज्या घरात त्यांचा जन्म झाला ते हे घर. "पहिल्या कागदाला मी सरकार म्हणत नाही," ते म्हणाले, "सरकार म्हणजे हा दुसरा."

मी त्यांना म्हटले, की आईला जर पहिल्या कागदासारखी सेवा मिळाली असती, म्हणजे सर्वांनी आयुष्यभर थोडे थोडे भरून वृद्धापकाळच्या शुश्रूषेची सोय केली असती, तर त्याला तुम्ही मोठे सरकार म्हणून विरोध केला असता का? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, की कर किती कापणार ते आधी सांगावे लागेल, आणि होडी विकावी लागणार नाही हे लिहून द्यावे लागेल.

फायली आवरताना त्यांनी विचारले, "तुझ्या कागदावर किती ओळी आहेत?" मी नऊ म्हणून सांगितले. "म्हणजे अजून एक लागेल," ते म्हणाले, आणि शनिवारी खोकी किती येणार आहेत ते विचारून दारापर्यंत सोडायला आले.